आमच्या कुत्रीची सोयरीक

“माही पोट्टी वयात आली, अन् तुमी मले तिच्या कमरेचं विचारून राह्यल्या?”

बाबांनी जनावरांच्या दवाखान्यात हे वाक्य टाकलं तेव्हा बाहेर सुई टोचायला आणलेली एक म्हैस दावं तोडून थेट भाजीबाजारात घुसली. तिला परत आणलं, पण त्या दिवशी तिनं दूध आटवलं ते आटवलंच, असं तिचा मालक आजही भेटेल त्याला सांगतो. यात बाबांचा दोष नाही. त्यांची अख्खी नोकरी उकव्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीच्या पोटात गेली. तिथं सुरुंगाच्या वर आवाज चढवल्याशिवाय माणसाला माणूस ऐकू येत नाही. रिटायर होऊन बालाघाटात घर बांधलं, पण आवाजाला कुणी रिटायर केलं नाही. मी लहान असताना ते उकव्यात दारात उभे राहून मला जेवायला हाक मारायचे आणि बैहरची बस थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, सवारी आहे.

डॉक्टरीण बाई मात्र गोंदियाच्या. त्यांनी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. टेबलावर आमची पिवळी लॅब्राडोर कुत्री उभी होती आणि बाईंचा स्टेथोस्कोप चाटत होती.

“वयात आली म्हणजे पहिला माज येऊन गेला,” बाई म्हणाल्या. “तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न लावता का तुम्ही? तिचं हाड तर पुरतं भरू द्या. आणि या जातीत कंबर खराब निघते, ती पिल्लांत उतरते. म्हणून आधी कमरेचा एक्स-रे. नराचाही. जमलं तर त्याच्या आईबापाचंही पाहा. मग डोळे. मग मला सांगा, पिल्लं झाली तर ती जाणार कुठे? आणि अडली तर पोट फाडायची वेळ येते, तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार?”

बाबा माझ्याकडे वळले. “पाह्य! इतकं तर आपन सुनेचंही नाही विचारलं!”

“विचारलं होतं की, मामाजी,” कोपऱ्यातून माझी बायको सासऱ्याला म्हणाली.

ते वाक्य तेव्हा कुणी उचललं नाही. पडून राहिलं.

आता बाबांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल, पोरगं बापाच्या मागं लागलं. आमच्या घरात सगळे पोट्टेच. आईनं प्रत्येक वेळी मुलीचं नाव ठरवून ठेवलं आणि प्रत्येक वेळी ते वाया गेलं. बाबांनी दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नांत आयुष्यभर वाढपी म्हणून काम केलं, मांडवाचे खांब रोवले, वरातीतल्या दारुड्यांना उचलून जीपमध्ये टाकलं, पण कन्यादानाला बसायचा पाट काही त्यांच्या वाट्याला आला नाही. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ही कुत्री घरात आली. बाबांनी पहिल्याच दिवशी तिला मांडीवर घेतलं आणि जाहीर केलं, “आली माही लेक.” त्यानंतर आम्ही मुलगे घरात भाडेकरूसारखे झालो. मी ताटाला हात लावण्याआधी विचारलं जाई, “पोट्टी जेवली काय?”

प्रेम बाबांचं, पण तिला वाढवलं बायकोनं. ती आली तेव्हा मुठीएवढी होती आणि हगवणीनं अर्धमेली. बायकोनं तिला चमच्यानं भाताची पेज पाजली, साडीच्या पदरात गुंडाळून चुलीशी बसवलं, आणि ती जगली तेव्हा कुणालाही न सांगता पोलेराच्या देवीला नारळ वाहून आली. मोठेपणी कुत्री हुंदडायला अंगणात बाबांकडे आणि दुखलं-खुपलं की सरळ स्वयंपाकघरात. म्हणून लग्नाचा विषय निघाला तेव्हा बायको एकच बोलली, “कन्यादान तुमचं, मामाजी. बाळंतपन माहं. अन् ती त्यात गेली तर?”

“कायले जाते? कुत्र्याची जात. झाडाखाली जाऊन मोकळी होते.”

“मंग झाडाखालीच ठेवा न. गादीवर कायले झोपवता?”

यावर बाबांनी रेडिओ मोठा केला.

खरं म्हणजे बाबांना एकट्याला हे सुचलं नव्हतं. गावानं सुचवलं. आमच्या गावात माणसाला मूल नसेल तर शेजारी महिनाभर कुजबुजतात, पण कुत्रीला पिल्लं नसतील तर सरळ दारात येऊन विचारतात. “एक बार तो बच्चे होने दो, नहीं तो पागल हो जाएगी.” हे सांगणाऱ्या माणसाची स्वतःची आई सात पोरं होऊन वेडी झाली होती, पण असो. आणि प्रत्येकाला एक पिल्लू हवं होतं. मिठाईवाल्याला हवं होतं. शाळेतल्या गुरुजींना हवं होतं. भातगिरणीच्या मालकाला दोन हवी होती, “एक नर, एक मादा, जोडी अच्छी लगती है.” एका बाबाजीनं तर आशीर्वादाच्या बदल्यात मागून ठेवलं. त्या सगळ्यांची मागणी पुरवायची म्हणजे आमच्या कुत्रीला गांधारीचा विक्रम मोडावा लागला असता.

बायको प्रत्येकाला चहा द्यायची आणि चहाबरोबर एकेक प्रश्न. गिरणीवाल्याला विचारलं, “कुठं ठेवान?” तो म्हणाला, “भुसे के गोदाम में बाँधेंगे, चोर नहीं आएँगे.” मिठाईवाल्याला विचारलं, “मोठं झाल्यावर?” त्याला प्रश्नच समजला नाही. “बड़ा क्यों होगा?” गुरुजी म्हणाले, मुलांच्या परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, मग उन्हाळ्यात आम्ही गावी जातो, त्यानंतर पाहू.

यांच्या घरून पुढं पिल्लं कुठं जातात हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नाही असं नाही. वैनगंगेच्या पुलापलीकडं जा. तिथली बेवारस कुत्री बघा. एकाला लॅब्राडोरचे कान, एकाला पामेरियनचं शेपूट, एकाला जर्मन शेफर्डचं तोंड आणि गावठी पाय. अंगावर खरूज, पण चेहरा खानदानी. एकदा मी त्यांच्यापुढं सहज “शेक हँड” म्हणालो, तर नदीकाठची अर्धी फौज पंजे पुढं करून बसली.

तर गावाचं असं. आणि गावाच्या वर आमचे मध्यस्थ. हे गृहस्थ जुने ठेकेदार. ठेके सुटल्यावर त्यांनी प्लॉट आणि सोयरिकी जुळवण्याचं काम धरलं, आणि दोन्हींत ते माल कधी पूर्ण उघडून दाखवत नाहीत. माझं लग्नही त्यांनीच जुळवलेलं. ते एका सकाळी अंगणात आले, कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, मलाजखंडचं स्थळ आहे. तांब्याच्या कंपनीच्या कॉलनीत, इंजिनिअराच्या घरी. पोरगा म्हंजे वाघ. काळा कुळकुळीत. अन् बाहेरचा नाही, नात्यातला. तुमची पोट्टीबी मलाजखंडचीच नं? तिच्या बापाची जी बहीन, तिचा पोरगा.”

बाबा खुर्चीतून उठलेच. “म्हंजे आतेभाऊ!”

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या लोकांत आत्याच्या मुलाला मामाची मुलगी म्हणजे हक्काचं स्थळ. ते सोडून दुसरीकडं गेलं तर आत्या रुसते. म्हणून तर आमच्याकडं सून सासऱ्याला, आत्याच्या नवऱ्याला म्हणतात तसं, मामाजी म्हणते, मग तो खरंच आत्याचा नवरा असो की कुणीही असो. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा मुलगी उजवायची संधी आली आणि पहिलंच स्थळ हक्काचं निघालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पाह्यलं का?” ते बायकोला म्हणाले. “डॉक्टरीन म्हणते, बापाचं पाहा, घरान्याचं पाहा. घे! घरचंच घरानं आहे.”

“कुत्र्यात बी आते-मामे चालते काय?”

“मानसात चालते तं कुत्र्यात काहून नाही चालन?”

बाईंनी थांबायला सांगितलं होतं, त्यावर बाबांनी तोड काढली: पाहून तर येऊ, पाहण्यात काय जातं. मी तुम्हाला सांगतो, जगातले सगळे चुकीचे संसार याच वाक्यानं सुरू झाले आहेत.

आम्ही जीप करून निघालो. पुढं बाबा आणि मध्यस्थ, मागं मी, बायको आणि वधू. बाबांनी तिला सकाळी स्वतः आंघोळ घातली होती आणि कपाळाला हळद लावली होती. बैहरच्या घाटात तिनं माकडं पाहिली आणि माझ्या मांडीवरून, बायकोच्या डोक्यावरून आणि मध्यस्थांच्या टोपीवरून अशी काही उडी मारली की ड्रायव्हर म्हणाला, “भैया, ये शादी करने जा रही है कि भाग रही है?”

इंजिनिअरसाहेबांचं घर झकपक. त्यांच्या बायकोनं पोहे आणले, वर शेव, बाजूला जलेबी. बाबा टोपी नीट करून बसले. मग पडदा बाजूला झाला आणि मुलगा आला.

आला म्हणजे आणला. साहेबांनी एक जाड सतरंजी ओढत आणली आणि सतरंजीवर मुलगा बसलेला. काय ते रूप! पखालीएवढं डोकं, अंगावर अशी चकाकी की त्यात बाबांनी मिशी पाहून घेतली. सतरंजी दिवाणखान्याच्या मध्यात थांबली. मुलानं सगळ्यांवर एकवार नजर टाकली आणि बसूनच राहिला.

“वा!” बाबा म्हणाले. “काय बसनं आहे! पाटलासारखं बसनं आहे.”

“मोठ्या घरचा पोरगा, भाऊ,” मध्यस्थ म्हणाले. “कोनी आलं तरी उठत नाही.”

आमची त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. त्याचे कान हुंगले, वाकून पंजे आपटले, खेळायला बोलावलं. तो शेपूट आपटून उत्तर देत होता, मनापासून देत होता, पण उठत नव्हता. साहेबांच्या बायकोनं कौतुकानं एक बिस्कीट टाकलं. ते हातभर लांब पडलं. मुलानं मान लांबवली, जीभ लांबवली, मग बिस्किटाकडं बघत राहिला, आणि मग दुसरीकडं बघू लागला, जणू बिस्कीट हा विषयच नव्हता.

बायकोनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मामाजी, त्याले चालून दाखवायले सांगा.”

बाबा कसनुसं हसले. “पोराले कोन चालायले लावते, माय?”

“पोरीले कोन लावते?”

“हे पाहा, आता इथं...”

“मले लावलं होतं. तुमीच. ओसरीपासून तुळशीपर्यंत अन् वापस. ‘माय, लुगडं जरासं वर घे, पाय दिसू दे’ म्हणलं होतं तुमी. अन् हे,” तिनं मध्यस्थांकडं बोट केलं, “हे शेजारी बसून म्हणले होते, ‘हळू नको चालू, रोज चालते तशी चाल.’ माहा बाप दाराआड उभा होता. मी चालली. आता याले चालू द्या. उभं करा त्याले!”

घरात इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नव्हता. बाबांच्या आवाजाखाली आम्हा कुणाचाच ऐकू यायचा नाही. पण तेव्हा जो निघाला तो असा, की पलीकडं तांब्याच्या खाणीत डंपर जागच्या जागी थांबले आणि जेवणाची सुट्टी झाली समजून लोकांनी डबे उघडले.

साहेब म्हणाले, “अरे बिटिया, सर्दी में थोड़ा जकड़ जाता है, बस.” उन्हाळा होता. तरी त्यांनी त्याच्या पट्ट्याला हात घातला.

मुलानं प्रयत्न केला. मी इथं काही वाढवून सांगत नाही. पुढचे पाय उभे राहिले, छाती वर आली, आणि मागचा अर्धा भाग तसाच जमिनीवर राहिला. त्यानं तो ओढून पाहिला. एक पाय खाली आला, थरथरला, फरशीवर घसरला, आणि तो बसला. मग आमच्याकडं बघून त्यानं शेपूट हलवलं. काहीतरी चुकलं असेल तर माफ करा, असं हलवलं.

मध्यस्थांनी जलेबी उचलली.

“इसका बाप भी आख़िर में ऐसे ही बैठ गया था,” साहेबांची बायको मायेनं म्हणाली. “बड़ा प्यारा था. पूरी कॉलोनी में वही एक नर था न, तो सब बच्चे उसी के हैं. ये भी उसका, आपकी वाली भी उसी की.”

बाबांनी मान वर केली. “ये तो उसके बहन का लड़का है ना?”

“हाँ, हमारी वाली उसकी बहन थी. एक ही नर था तो क्या करते?”

बाबा बोटांवर काहीतरी मोजू लागले. आत्याचा मुलगा, हे खरं. पण बाप तोच. म्हणजे हक्काचं स्थळ खरं, आणि बापाकडून भाऊही खरा. एकाच म्हाताऱ्याला तिचा बापही म्हणायचं आणि सासराही म्हणायचं. बोटं संपली तरी त्यांचा हिशेब लागेना.

मग ते उठले, खांद्यावरचा शेला काढला, मुलाच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं धरून त्याचा मागचा भाग उचलला आणि त्याला बिस्किटापर्यंत नेलं. त्यानं बिस्कीट खाल्लं. बाबांनी त्याला अलगद परत सतरंजीवर ठेवलं.

परतीच्या रस्त्यात उकवा आल्यावर बाबा म्हणाले, “आपली तं धावते नं. घाटात पाह्यलं नं कशी उडाली. दुसरं स्थळ पाहू. गोंदियाकडचं.”

“पाहू,” बायको म्हणाली. “पयले जबलपूरले नेऊन फोटो काढू तिच्या कमरेचा. पोराले आपन चालायले लावलं. पोट्टीचंबी पाहायले पाहिजे.”

आता नाही कसं म्हणणार? तिनं बाबांची रीत बाबांच्याच गळ्यात घातली होती.

जबलपूरला फोटो निघाला. ती फिल्म बाबांनी गाडीत छातीशी धरून आणली, कुणाला हात लावू दिला नाही. बालाघाटच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बाबा शेजारी उभे, मान तिरपी करून.

“हे बघा, काका. हा मांडीच्या हाडाचा गोळा. तो या खोबणीत घट्ट बसायला हवा. हिची खोबण उथळ आहे. गोळा अर्धा बाहेर.”

“टेकू सैल आहे,” बाबा म्हणाले.

“तसंच.”

बाबांनी फिल्मवरच्या त्या खोबणीवर बोट ठेवलं. खाणीत त्यांनी जन्मभर छताचे टेकू ठोकून पाहिले होते. टेकू सैल वाजला की माणसं आत सोडायची नाहीत, मग वरून साहेब किती का ओरडेना, एवढी एकच गोष्ट त्यांना नोकरीत पक्की ठाऊक होती. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

“काय म्हणालात?” बाईंनी विचारलं.

माझ्या देखत आयुष्यात पहिल्यांदा बाबांना कुणी हे म्हणालं. त्यांना पुन्हा विचारावं लागलं. “दुखते काय तिले?”

“आत्ता नाही. वजन वाढू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका. सांभाळलंत तर कदाचित फार दुखणारही नाही. पण पिल्लांचं ओझं या कमरेवर नको. आणि झालीच, तर त्यांतली काही त्या सतरंजीवरच्या मुलासारखी निघतील. ऑपरेशन करून टाकू. गर्भाशय काढून टाकू.”

कुत्रीचा पट्टा बायकोच्या हातात होता आणि तो तिनं मनगटाला एवढा गुंडाळला होता की बोटं पांढरी पडली होती. “म्हणलं नव्हतं काय” असं ती म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. मी तिच्या जागी असतो तर ते बालाघाटात लाउडस्पीकरचा पोंगा लावून म्हणालो असतो.

बाबा तिच्याकडं वळले. “ऑपरेशन करायचं काय?”

हे त्यांनी तिला विचारलं. माझा तर विश्वास बसेना.

“करा,” ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. बाबांनी दिवाणखान्याच्या चकचकीत फरशीवर पोती अंथरली. एवढ्या हौसेनं बसवलेली फरशी, आता तिच्यावर गोदामासारखी पोती, आणि पाहुण्यांनी नाक मुरडलं की बाबा म्हणत, “जोडे काढा न् पोत्यावर चाला.” मिठाईवाला पिल्लाचं विचारायला आला त्याला त्यांनी पुलापलीकडचा रस्ता सांगितला. “तिथं जा. तयार माल आहे. शेक हँडबी करते.”

शेवटी मध्यस्थ आले. फाटकातूनच त्यांनी आरडाओरड सुरू केली. “भाऊ, माही इज्जत गेली! मलाजखंडाहून रोज फोन येऊन राह्यले. ते म्हणते, पोरगा थोडंफार तं चालते, तारीख सांगा. मी वर एका साहेबाले पिल्लाचा शबद देऊन बसलो! तुमी तं जलेबी खाऊन उठले. आता त्याहिले सांगू काय मी? काय सांगू?”

बाबा पायरीवर बसून तिची नखं कापत होते. तिच्या पोटावर अजून पट्टी होती. त्यांनी एक पंजा संपवून दुसरा हातात घेतला.

“सांग,” ते म्हणाले, “पोट्टी नाही म्हणते.”